हलक्या हातानं पिळा

लाँड्रीवाल्या ताईचं तोंड म्हणजे शिवून टाकलेला खिसा, असं सगळी गल्ली म्हणायची. त्यात काही टाकता येत नाही आणि त्यातून काही काढताही येत नाही. चौतीस वर्षं ती त्या काउंटरमागे उभी होती आणि गल्लीतल्या एकूण एक घरातलं गाठोडं तिच्या हातून गेलं होतं. कोण जाड झालं, कोण बारीक झालं, डॉक्टरांनी बंद केलेला जाम कोणाच्या शर्टावर रोज सकाळी सांडतो, सगळं तिला ठाऊक. पण बाहेर एक अक्षर नाही. एकदा एका नवराबायकोची गाठोडी वर्षभर वेगवेगळी येत होती आणि एका सोमवारी दोघांचं मिळून एकच आलं. ताईनं ते उचललं, हातात तोललं आणि "गुरुवारी मिळेल" एवढंच म्हणाली. शेजारची बेकरीवाली तिथंच उभी होती. तिला ती बातमी आठ दिवसांनी कळली, आणि त्याबद्दल तिनं ताईला अजून माफ केलेलं नाही.

"गाठोड्यातलं गाठोड्यात," असं ताईचे वडील सांगून गेले होते. लाँड्री त्यांचीच. माणूस अंगावरचा मळ तुमच्या हातात देतो, म्हणायचे, म्हणजे काय देतो याचा विचार कर. ताईनं विचार केला आणि तोंड मिटलं. गल्लीत तिला मान होता तो त्या मिटलेल्या तोंडाला. बाकी कपडे काय, कोणीही धुतं.

वडिलांकडून तिच्याकडे आणखी एक गोष्ट आली होती, ती म्हणजे पुकारा. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक गाठोडं मोठ्यानं पुकारायचं. आधी मालक, मग कपडे, मग डाग, मग काही शिवायचं-टाचायचं असेल तर ते. आणि नुसतं बोलायचं नाही, चालीत म्हणायचं. बोललेलं विसरतं, चालीत म्हटलेलं विसरत नाही, हे ज्यानं कधी पडद्यामागे उभं राहून घाबऱ्याघुबऱ्या मनानं पदाच्या ओळी घोकल्या असतील त्याला सांगायला नको. पुकाऱ्याचा क्रमही ठरलेला. कोपऱ्यावरच्या बेकरीपासून सुरुवात, गल्लीच्या टोकाला शेवट. जशी घरं तशी गाठोडी. गुरुवारी ढकलगाडी घेऊन कपडे पोचवायला निघालं की त्याच क्रमानं घड्या हाताला लागतात.

हा पुकारा मंगळवारी दुपारी व्हायचा, दुकानाचं दार ओढून. पहिली खेप आत फिरत असायची. मशीन जुनं, नाव हत्तीण, आणि तिची चाल अशी की 'धबडक धबडक खट्'. तो 'खट्' कुठून येतो ते कंपनीच्या माणसालाही सापडलं नव्हतं. बाहेर हत्तिणीशिवाय काही ऐकू यायचं नाही. त्यामुळे मंगळवारी दुपारी ताई गळा मोकळा सोडून गायची, "औषधवालाऽऽ, पांढरा कोट एक, खिशात गोळी विरघळलीऽऽ", आणि जगाला त्याचा पत्ता नसायचा.

जगाला नसायचा. बटण्याला असायचा.

बटण्या तिचा धाकटा भाऊ. लहानपणी दिसेल ते बटण दाबायचा म्हणून हे नाव पडलं, आणि आता एकोणपन्नासाव्या वर्षीही दाबायचाच, फक्त लोक त्याला त्याचे पैसे द्यायचे. लाँड्रीच्या मागच्या अर्ध्या खोलीत, एका पडद्याआड, तो लोकांचे रेडिओ, रिमोट आणि बोलक्या बाहुल्या दुरुस्त करायचा. त्याचं एकदा लग्नही झालं होतं. वर्षभरानं बायकोनं विचारलं, "ते स्पीकर हवेत की मी?" बटण्यानं विचार करायला एक दिवस मागितला. दिवस संपल्यावर तो उत्तर द्यायला गेला तेव्हा ऐकायला घरात फक्त स्पीकर होते.

त्याचा खरा जीव गाण्यात. त्याच्याकडे एक जुना कीबोर्ड होता, त्याच्या दोन पट्ट्या मुक्या; त्यामुळे त्याच्या प्रत्येक गाण्यात दोन सूर कायम रजेवर असायचे. त्यानं शहराच्या रेडिओला आजवर सत्तावीस गाणी पाठवली होती. फ्रीजच्या एकटेपणावर एक, लिफ्टच्या मनातलं एक, आणि सात मिनिटांचं एक ज्यात नुसता डायल टोन होता आणि शेवटी कोणीतरी खोकायचं. उत्तर नेहमी एकच: आपला प्रयत्न आवडला.

एका मंगळवारी तो पडदा सारून बाहेर आला. हातात पकड, कपाळावर चष्मा.

"ताई, तू जे म्हणतेस ना, ते इलेक्ट्रोपॉप आहे."

"मी काही म्हणत नाही. मी कपडे पुकारते."

"तेच. यंत्राचा ताल, यंत्राचे सूर आणि वर माणसाचा आवाज. यालाच म्हणतात इलेक्ट्रोपॉप. आणि तो माणूस जितका यंत्रासारखा गातो तितकं ते भारी."

"म्हणजे माझी दुपार," ताई म्हणाली.

बटण्यानं पंधरा दिवस हत्तिणीला वेगवेगळ्या कोनांतून ऐकलं. तिच्या धबडकीला खाली एक जाड सूर जोडला, वर इस्त्रीच्या वाफेचा 'फुस्स' घातला, आणि ध्रुवपदाला स्वतःचा आवाज व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीतून काढला: "हलक्या हातानं पिळा, मला हलक्या हातानं पिळा". हे शब्द कपड्यांच्या आतल्या लेबलवरचे, त्यामुळे कवी शोधायची गरज पडली नाही. मधल्या कडव्यांसाठी ताई हवी होती. पण माइक समोर धरला की ताईचा आवाज असा निघायचा जणू एखाद्या मोठ्या माणसाच्या निधनाची बातमी सांगते आहे. शेवटी बटण्यानं तिच्या परवानगीनं माइक दोरीवर चिमट्यानं अडकवला, दोन मोज्यांच्या मध्ये, आणि म्हणाला, "तू आपला पुकारा कर. मी आहे असं समजू नकोस."

"आणि नावं?"

"नावं मी काढून टाकतो. एक नाव राहिलं तर माझे कान उपट."

त्यानं खरंच काढली. सगळी. ताईनं हेडफोन लावून गाणं तीनदा ऐकलं, डोळे मिटून, हातातली इस्त्री बाजूला ठेवून. ती एक-एक ओळ तपासत होती ती फक्त नावांसाठी. नाव एकही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या वेळी ती तपासत नव्हतीच. आपला आवाज असा झगमगत, प्रतिध्वनी घेऊन, जिन्यावरून उतरणाऱ्या नायिकेसारखा येतो आहे हे पाहून तिला अगदी भरून आलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, हातांना साबणाच्या भेगा, आणि कानात हे. "जाऊ दे," ती म्हणाली. बटण्यानं जोडीचं नाव ठेवलं 'दोन चिमटे', आणि बुधवारी गाणं इंटरनेटवर गेलं.

पहिल्या दिवशी ते एकोणीस वेळा ऐकलं गेलं. त्यातलं सोळा वेळा बटण्यानं, दोनदा ताईनं, आणि एकदा कोणी ऐकलं ते कळेना, म्हणून बटण्या दिवसभर रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाकडे कृतज्ञतेनं बघत होता. दुसऱ्या दिवशी रेडिओचं पत्र आलं. अठ्ठाविसावं गाणं त्यांना नुसतं आवडलं नव्हतं, त्यांना ते हवं होतं. दीड आठवड्यानं, रविवारी सकाळी अकरा वाजता, दोघांनी स्टुडिओत येऊन सादर करावं. बटण्यानं ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. ताईनं त्याला मागून चिकटपट्टी लावून दिली.

शुक्रवारी ती सलूनचे टॉवेल द्यायला गेली आणि दारातच थांबली. आत गाणं वाजत होतं. एकोणिसाव्यांदा ते ऐकणारा सलूनवालाच होता. खुर्चीत गाडी शिकवणारे काका बसले होते, अर्ध्या गालावर फेस. बाकावर बेकरीवाली, जिचा सलूनमध्ये काडीचा संबंध नव्हता.

"ही बघ, पहिली ओळ," बेकरीवाली मोठ्या अभिमानानं सांगत होती. "पिवळा एप्रन, पोटावर जाम. हा माझा. सगळ्या गल्लीत पिवळा एप्रन कोणाकडे आहे?"

"आणि 'पॅंट एक, उजवा गुडघा झिजलेला' म्हणजे मी," काका फेसातून म्हणाले. "माझ्या बाजूला ब्रेक नाही, तरी पंचवीस वर्षं दाबतोय."

"पांढरा कोट औषधवाल्याचा," सलूनवाला म्हणाला. "आणि तो काळा कोट वकीलबाईंचा. पण मधलं हे काय? 'पायजमा एक, बदकं अकरा, नाडी नवी घालणे'. बदकांचा पायजमा कोणाचा?"

सगळे विचारात पडले. मग सलूनवाल्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडू लागला. त्यानं कात्री खिडकीबाहेर रोखली.

"एप्रन, बेकरी. झिजलेला गुडघा, काका. पांढरा कोट, औषधाचं दुकान. हे सगळं घरांच्या ओळीनं चाललंय." कात्री एक घर पुढे सरकली आणि एका राखाडी फाटकावर थांबली. फाटकाच्या पुढचं घर वकीलबाईंचं.

"नाही," काका म्हणाले.

"ओळीनं तेच येतात."

"हेडसर? बदकं?"

राखाडी फाटकातले हेडसर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या शाळेत घंटासुद्धा परवानगी घेऊन वाजायची. त्यांना हसताना पाहिलेला माणूस गल्लीत नव्हता. एकानं पाहिलं असं म्हटलं होतं, पण ती जांभई निघाली.

तिघांनी एकदम दाराकडे पाहिलं. "ताई, खरंच?" बेकरीवालीनं विचारलं.

ताईनं टॉवेल छातीशी धरले. नावं, नावं, नावं. नावं शोधत बसली आणि क्रम विसरली. गिऱ्हाइकाचं नाव काय कामाचं, कपडा हेच नाव, आणि ओळ हाच पत्ता, हे लाँड्रीवालीला कळू नये?

"टॉवेल चोवीस आहेत," ती म्हणाली, आणि टॉवेल ठेवून निघाली.

पण बोलून चालून गल्ली ती. शनिवारी शाळा सुटताना फाटकामागून कोणीतरी बारीक आवाजात 'पॅक पॅक' केलं. हेडसर वळले तेव्हा समोर दोनशे मुलं उभी होती आणि चारशे डोळे आभाळाकडे लागले होते. सोमवारी सगळ्यांची गाठोडी आली. बेकरीवालीनं तर एप्रनवर जरा जास्तच जाम आणला होता. औषधवाला म्हणाला, पुढच्या वेळी खिशात काहीतरी चांगलं ठेवतो. ज्यांचे कपडे गाण्यात नव्हते ते तोंड फुगवून आले. "आमच्या चादरींत काय वाईट होतं?" असं एका काकूंनी सरळ विचारलं. फक्त हेडसरांचं गाठोडं आलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळपर्यंत ताई काउंटरवरून हलली नाही. दुकान बंद करताना तिनं मधला कप्पा पाहिला. औषधवाला, मग रिकामं, मग वकीलबाई.

"गाणं इंटरनेटवरून उतरव," तिनं बटण्याला सांगितलं.

"ताई, रविवारी रेडिओ आहे."

"रेडिओ कुठं पळून जातोय?"

"रेडिओ नाही जात. मला परत कोण बोलावणार? सत्तावीस गाणी पाठवली मी. फ्रीजच्या गाण्याला तर त्यांनी 'आवडला' पण नाही म्हटलं, नुसतं 'मिळाला' म्हटलं."

"फ्रीजचं गाणं वाईटच होतं."

"ते तू तेव्हा सांगायचंस."

"तेव्हा तू जेवत नव्हतास."

बटण्यानं हेडफोन कानाला लावला. मग म्हणाला, "बदकं कापतो. फक्त बदकं." आणि त्यानं कापली. पण गाणं त्या जागी एका पायानं लंगडायला लागलं, आणि त्याहून वाईट म्हणजे पांढरा कोट आणि काळा कोट यांच्यामध्ये असं भोक पडलं की ऐकणारा माणूस वाकून आत पाहणारच. त्यात दुसरे कपडे भरू, बटण्या म्हणाला, तीन रुमाल वगैरे. ताईनं मान हलवली. जे गाठोड्यात नाही ते तिनं कधी पुकारलं नव्हतं. आधीच हात दाखवून अवलक्षण केलेलं, त्यात वर खोटे रुमाल कशाला.

"मला विचारायला हवं," ती म्हणाली. "त्यांना. ते सांगतील ते करायचं. उतरव म्हणाले तर उतरवायचं. कबूल?"

बटण्यानं चिकटपट्टी लावलेल्या पत्राकडे पाहिलं. मग ताईकडे. त्याला भाकरीचा पहिला घास भरवला होता तो तिनं, आणि पहिल्या कीबोर्डसाठी स्वतःची सायकल विकली होती तीही तिनं. "कबूल," तो म्हणाला, आणि पडद्याआड जाऊन बराच वेळ एकच बटण दाबत बसला.

पण राखाडी फाटकाला हात लावायला तिला शनिवार उजाडला. रोज निघायची आणि रोज औषधाच्या दुकानापाशी पाय परत फिरायचे; त्या आठवड्यात तिनं न लागणारं खोकल्याचं औषध चारदा घेतलं.

हेडसरांनी स्वतः दार उघडलं. अंगावरचा शर्ट घरी इस्त्री केलेला होता हे ताईला लांबूनच कळलं. छातीवर इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटला होता, आणि कॉलर एका बाजूनं सलाम ठोकत होती. तिला ते बघवेना.

"मी माफी मागायला आले," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "तुमच्या गाठोड्यातलं बाहेर गेलं. भावाची चूक नाही. त्यानं नावं काढली होती. मी ऐकलं तीनदा, पण नावंच शोधली. ओळ माझी आहे, ओळ मला कळायला हवी होती."

हेडसरांनी खुर्ची दाखवली. स्वतः टेबलामागे बसले, जणू घरातही समोरचा माणूस वर्गाबाहेर काढलेला आहे.

"अकरा नाहीत," ते शेवटी म्हणाले.

"काय?"

"बदकं. गाण्यात अकरा आहेत, असं मुलं म्हणतात. बारा आहेत."

"बारावं शिवणीत गेलंय, सर. नुसती चोच दिसते. चोच मी मोजत नाही."

हेडसरांनी यावर विचार केला. "ते बरोबर आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "लोकांना वाटतं कोणी भेट दिला असेल. नाही. मीच घेतला. दुकानात लटकत होता, आवडला, घेतला. एवढंच. पण हे कोणाला सांगायचं ते मी ठरवायचं होतं, ताई. तुम्ही नाही."

असं कोणी ओरडून म्हटलं असतं तर ताईला सोसलं असतं. ते शांतपणे म्हणाले, म्हणून तिची मान खाली गेली. "उद्या रेडिओवर आहे," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तर जाणार नाही. गाणंही उतरवतो. भावाचं कबूल आहे."

"ऐकवा."

"काय?"

"गाणं. मी ऐकलेलं नाही. माझ्यापर्यंत नुसतं पॅक पॅक पोचलंय."

ताईनं फोन टेबलावर ठेवला. हेडसरांनी ते ऐकलं जसं ते पेपर तपासत असतील तसं, हातात लाल पेन घेऊन. ध्रुवपदात नळीतून बटण्याचा आवाज आला तेव्हा त्यांची एक भुवई वर गेली. बदकं आली, गेली. टेबलाखाली त्यांचा बूट हत्तिणीच्या 'खट्'वर दोनदा वाजला. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो दुसऱ्या बुटाखाली दाबून धरला.

"दुसऱ्या कडव्यात ताल धावतो," ते म्हणाले.

"तिथं चादरी होत्या. हलक्या झाल्या की मशीन धावतं."

"उतरवू नका. उतरवलंत तर मी उतरवायला लावलं असं होईल, आणि माझी राहिलेली नोकरी बदकांतच जाईल." पेनाला टोपण लावत ते पुढे म्हणाले, "पण माझ्या शाळेत एक नियम आहे. एकाची खाजगी वही दुसऱ्यानं वर्गात वाचून दाखवली, तर दुसऱ्यानं स्वतःची वही उभं राहून वाचायची. पूर्ण. एकही पान न गाळता. मग विषय संपला. तुमचं गाठोडं गाण्यात नाहीये."

"माझं? माझं कसलं गाठोडं?"

"तेच मी विचारतोय," हेडसर म्हणाले.

ताई घरी येईपर्यंत तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण तिचं गाठोडं होतं. लाँड्रीवालीचे कपडे शेवटच्या खेपेत पडतात, पुकारल्याशिवाय, आणि त्यात एक वस्तू अशी होती की जिच्यापुढे बदकं म्हणजे काहीच नाही. वडिलांची एक ताकीद होती: गिऱ्हाइकाचा कपडा स्वतःच्या अंगाला लावायचा नाही. मेलं तरी नाही. ज्या लाँड्रीत तसं होतं ती लाँड्री नाही, चोरबाजार. आणि बावीस वर्षांपूर्वी गावात आलेला एक जादूगार चमकीचं जाकीट धुवायला टाकून गेला होता, तो परत आलाच नव्हता. जांभळं, खांद्यावर चांदण्या. ताईनं ते दोन वर्षं हँगरवर राखलं. मग एका रविवारी, दुकान बंद असताना, तिनं नुसतं अंगावर धरून पाहिलं. मग घालून पाहिलं. आणि तेव्हापासून दर रविवारी दुपारी ती ते जाकीट घालून आपले स्वतःचे कपडे इस्त्री करत आली होती.

"आता काय करू?" तिनं बटण्याला सगळं सांगून विचारलं. "जाकीट गाळून बाकीचं सांगू?"

"तुला गाळता येईल?"

"नाही."

"मग झालं तर. आणि जाकिटाचं मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"ताई, मध्ये पडदा आहे. भिंत नाही. दर रविवारी छमछम येते. मला वाटायचं तुला सांगायचं नसेल."

आपल्या घराण्यात तोंड मिटून ठेवणारी आपण एकटीच आहोत असा ताईचा इतकी वर्षं समज होता.

रविवारी सकाळी दोघं स्टुडिओत बसली. छोटी खोली, भिंतींना फोम लावलेला, आणि मध्ये तो माइक. बटण्यानं कडव्यांच्या चिठ्ठ्या करून टोपीतून काढल्या होत्या आणि ओळ मोडून टाकली होती, म्हणजे निदान उरलेल्या शहराला कुठली बदकं कुठल्या घरातली ते कळू नये. निवेदिका गोड आवाजात म्हणाली, "आपल्यासोबत आहेत दोन चिमटे," आणि बटण्यानं बटण दाबलं. धबडक धबडक खट्. रेकॉर्ड केलेली कडवी गेली. ध्रुवपद गेलं. मग तो क्षण आला जिथं ताईनं प्रत्यक्ष म्हणायचं होतं, आणि ताईचा आवाज गेला.

प्रेक्षकांसमोर असे चार सेकंद ज्यानं काढले असतील त्यालाच त्यांची लांबी ठाऊक. निवेदिकेचं हसू गोठलं. बटण्यानं काही केलं नाही, फक्त ताल धरून ठेवला. एकदा, दोनदा, तीनदा तीच धबडक फिरवली, ताई आत येईपर्यंत कितीही वेळ फिरवायची त्याची तयारी होती. मग ताईनं डोळे मिटले.

"लाँड्रीवालीऽऽ," तिनं पुकारलं. "झगे दोन, बाह्या भाजलेल्या. मोजे चार, जोडी एकही नाही. वडिलांची लोकरीची चड्डी एक, लांब, गुडघ्याला ठिगळंऽऽ." इथं तिचा आवाज चालीतून खाली उतरला आणि ती साधंच बोलली, तालाच्या जरा मागे. "चमकीचं जाकीट एक. माझं नाही. गिऱ्हाइकाचं. वीस वर्षं मी घालते, रविवारी. परत न्यायला या. धुतलेलं आहे."

"हलक्या हातानं पिळा," नळीतून बटण्या म्हणाला, आणि गाणं संपलं.

निवेदिकेकडे विचारायला पाच प्रश्न लिहिलेले होते. तिनं ते बाजूला सारले. "तुम्हाला ते जाकीट चांगलं दिसतं का?"

ताईनं खरं काय ते सांगायचं ठरवलंच होतं. "हो," ती म्हणाली.

गाणं गाजलं म्हणावं तर तसं काही नाही. महिनाभरात चारशे बारा वेळा ऐकलं गेलं. बटण्यानं त्यातले आपले वजा करायचं सोडून दिलं आणि एकोणतिसाव्या गाण्याला लागला. जादूगार काही आला नाही. रेडिओच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, वकीलबाई मात्र आल्या, धुतलेला काळा कोट घेऊन गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, "ताई, गाणं गोड आहे, पण याला आमच्याकडे कबुलीजबाब म्हणतात." त्यांचे कपडे त्या दिवसापासून दोन गल्ल्या पलीकडच्या लाँड्रीत जायला लागले. ताईनं त्यांना बोल लावला नाही. बेकरीवालीला राग जाकिटाचा नव्हता, ते वीस वर्षं आपल्याला कळलं नाही याचा होता, आणि हे सांगायला ती दिवसातून तीनदा येत होती.

ती तिसऱ्यांदा आली असतानाच हेडसर दुकानात शिरले. अंगावर अजून तोच त्रिकोणाचा शर्ट. काखेत गाठोडं. रस्त्यावरून दोन मुलं चालली होती, ती दाराशी थबकली. हेडसरांनी नुसती मान वळवली तशी ती चालायला लागली. बेकरीवाली श्वास धरून उभी राहिली. त्यांनी गाठोडं काउंटरवर ठेवलं.

"गुरुवारी?"

"गुरुवारी," ताई म्हणाली.

एवढंच बोलून ते गेले. बेकरीवाली पुढे झुकली. ताईनं गाठोडं उचलून मागच्या खोलीत नेलं आणि पडदा ओढला.

गाठोड्याला तीन गाठी होत्या. एकीवर एक, आणि वरची ओली करून ओढलेली. ताईनं नखं लावून पाहिली, मग दात. बटण्यानं पेचकस आणून दिला, त्याचं टोक वाकलं.

"कापू का?" त्यानं कात्री पुढे केली.

"हात लावू नकोस," ताई म्हणाली. तिनं स्टूल ओढलं, चष्मा लावला, गाठोडं मांडीवर घेतलं आणि पहिली गाठ सोडवायला बसली.